‘सुपर इन्फ्रामॅन’ (१९७५) नीट बघायचाय? आधी चौकट, मग स्पीड, मग आवाज, सबटायटल सगळ्यात शेवटी

दरवेळी तेच होतं. कोणीतरी ‘सुपर इन्फ्रामॅन’ या हाँगकाँगच्या सुपरहिरो पिक्चरचं नाव ऐकतं, पहिली दिसेल ती फाइल लावतं, कडेची माणसं अर्धी कापलेली, इंग्रजी डबिंग, सबटायटल तिसरंच काहीतरी सांगतायत, मग कीबोर्ड बडवत सबटायटल पुढेमागे करत बसायचं आणि वीस मिनिटांनी ‘बकवास आहे’ म्हणून बंद. आता रबरी सूटमधले राक्षस आहेत, ते आहेतच, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. पण चौकोनी कापलेल्या प्रिंटमध्ये मूळ चित्राचा जेमतेम ५७ टक्के भाग दिसतो, त्यावरून पिक्चरबद्दल मत बनवू नका एवढंच म्हणणं आहे.

बहुतेक घोळ क्रम चुकल्यामुळे होतात. लोक आधी सबटायटल जुळवतात, मग कळतं की प्रिंटच चुकीची आहे, मग दुसरी प्रिंट आणतात, तिचा स्पीड वेगळा, म्हणजे जुळवलेलं सगळं वाया. खाली दिलेला क्रम मोडू नका. इथे उदाहरण इन्फ्रामॅनचं घेतलंय, पण १९७०च्या दशकातल्या हाँगकाँगच्या कुठल्याही कुंगफू पिक्चरला हेच लागू पडतं.

## तयारी: आधी हे जमवून ठेवा

कॉम्प्युटरवर तीन गोष्टी हव्यात, तिन्ही फुकट आहेत. व्हीएलसी प्लेअर, फाइलची कुंडली सांगणारं मीडियाइन्फो, आणि सबटायटलच्या वेळा बदलणारं सबटायटल एडिट. शिवाय एक कागद. हो, कागदच, कारण वेळा लिहून घ्यायच्यात आणि त्या लक्षात राहत नाहीत.

डिस्क मागवणार असाल तर रीजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते सांगणारा कोड) बघूनच पैसे भरा. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५ मध्ये येतो, हाँगकाँग ३, अमेरिका १. ब्लू-रेमध्ये भारत सी, हाँगकाँग आणि अमेरिका ए, ब्रिटन बी. म्हणजे बाहेरून मागवलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही, डिस्कवर ‘ऑल रीजन’ लिहिलेलं असेल किंवा तुमचा प्लेअर मल्टीरीजन असेल तरच खात्री.

सावधान: लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन साधारण पाचच वेळा बदलता येतो, मग तो शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. ‘बघूया चालतंय का’ म्हणून बदलत बसू नका.

आणि लिंक मागू नका. हा पिक्चर हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा, आणि त्यांची ७०० पेक्षा जास्त पिक्चरची लायब्ररी सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेऊन साफसूफ करून पुन्हा बाहेर काढलीये, अधिकृत प्रती निघालेल्या आहेत. नाहीतरी चोरट्या कॉप्यांमध्येच खाली दिलेले सगळे रोग एकत्र सापडतात.

## टप्पा १: पिक्चर तोच आहे ना?

हसू नका, इथेच पहिली विकेट पडते. हा पिक्चर ‘द सुपर इन्फ्रामॅन’, ‘सुपर इन्फ्रामॅन’, ‘इन्फ्रामॅन’ आणि अमेरिकेत १९७६ मध्ये लागला तेव्हा ‘इन्फ्रा-मॅन’ अशा नावांनी फिरतो. चिनी नाव ‘चुंगक्वो छाओरन’, त्यामुळे काही ठिकाणी ‘चायनीज सुपरमॅन’ असंही सापडतं. नुसत्या नावावर सर्च केलात तर भलतंच काहीतरी हाती लागेल, म्हणून नावासोबत १९७५ हे वर्ष आणि दिग्दर्शक हुआ शान हे दोन्ही टाका.

खात्री करायला नटमंडळी बघा. हिरो डॅनी ली, म्हणजे पुढे ‘द किलर’ (१९८९) मध्ये जो पोलीस इन्स्पेक्टर होता तोच. बर्फाखालून उठलेली राक्षसीण टेरी लिऊ, प्रोफेसर वांग शिए, पटकथा नी कुआंग. याच डॅनी लीचा ‘मायटी पेकिंग मॅन’ (१९७७) पण याच कंपनीचा आणि त्यातही अवाढव्य प्राणी, त्यामुळे लोक दोन्हींची सरमिसळ करतात. ‘पेकिंग मॅन’चा काही भाग म्हैसूरकडे शूट झालेला आहे. तुम्हाला पडद्यावर हत्ती आणि आपल्याकडचं जंगल दिसायला लागलं तर तुम्ही चुकीचा पिक्चर लावलाय. (तोही बघा, पण नंतर.)

सावधान: कव्हरवर ब्रूस लीचा फोटो किंवा नाव असेल तर सरळ सोडून द्या. ब्रूस ली १९७३ मध्येच वारला. या पिक्चरमध्ये दुय्यम रोलमध्ये आहे तो हुआंग किन लुंग, जो पुढे ब्रूस लीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावून पिक्चर करत राहिला. कव्हरवाल्याने तिथे खोटेपणा केलाय म्हणजे आतल्या प्रिंटवर पण भरवसा नको.

## टप्पा २: चौकट तपासा

शॉचे त्या काळातले पिक्चर शॉस्कोप नावाच्या रुंद फॉरमॅटमध्ये शूट व्हायचे, उंचीच्या साधारण २.३५ पट रुंदी. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कॉपी करताना दोन्ही बाजू कापल्या जायच्या आणि मधला तुकडा उरायचा. घरगुती भांडणाच्या सीनमध्ये हे एकवेळ चालून जाईल, पण इथे मारामाऱ्या टोळीने होतात, सांगाड्याचे काळे सूट घातलेले सैनिक दोन्ही कडांनी घुसतात, हिरो मधे असतो. कापलेल्या प्रिंटमध्ये हिरो हवेत लाथ मारतो आणि कोणीतरी ओरडतं, पण लाथ खाणारा दिसतच नाही. लोक म्हणतात ‘कोरिओग्राफी ढिसाळ आहे’. कोरिओग्राफी तांग चिया या शॉच्या कसलेल्या फाइट मास्टरची आहे हो, ढिसाळ कशी असेल, तुमच्या स्क्रीनवर ती पोचलीच नाही.

कसं तपासायचं:

१. फाइल मीडियाइन्फोमध्ये टाका. फुल एचडी असेल तर १९२० × ८१६ च्या आसपासचा आकडा, किंवा १९२० × १०८० आणि वर-खाली काळ्या पट्ट्या, दोन्ही ठीक. आकडा ४:३ वाला (जुन्या टीव्हीसारखा चौकोनी) असेल तर पुढचा मुद्दा वाचा, लगेच डिलीट मारू नका.

२. ४:३ फाइल उघडून बघा. वर-खाली जाड काळ्या पट्ट्या आहेत? मग चित्र पूर्ण आहे, फक्त छोटं आहे. पट्ट्या नाहीत आणि माणसं उंच, काटकुळी दिसतायत? मग चित्र पूर्ण आहे पण दाबलेलं आहे, व्हीएलसीमध्ये ‘ए’ दाबत राहा, आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) बदलत जाईल, आणि लिस्टमधल्या कशानेच जमलं नाही तर सेटिंगमध्ये २.३५ चा रेशो हाताने भरता येतो. पट्ट्या नाहीत आणि माणसंही नॉर्मल दिसतायत? मग कापलेली प्रिंट आहे, तिचा काही उपयोग नाही, दुसरी शोधा.

३. गोल वस्तू शोधा, म्हणजे बसचं चाक, दिवा, हेल्मेट. समोरून दिसणारं चाक अंड्यासारखं दिसायला नको.

सावधान: गोल वस्तू फ्रेमच्या *मधोमध* असताना तपासा. शॉस्कोपच्या वाइड लेन्सने कडेच्या गोष्टी मुळातच ताणलेल्या दिसतात, कॅमेरा फिरतो तेव्हा तर भिंती वाकल्यासारख्या वाटतात. तो दोष लेन्सचा आहे, फाइलचा नाही. तो सुधारायला गेलात तर मधलं चित्र बिघडेल.

‘एआयने फोर-के केलेलं, ६० फ्रेमवालं’ असं काही मिळालं तर त्यापेक्षा साधी डीव्हीडी परवडली. चेहरे मेणाचे होतात आणि मारामारी साबणावरून घसरल्यासारखी.

## टप्पा ३: स्पीड

हा टप्पा सगळे गाळतात आणि मग टप्पा ५ मध्ये रात्र घालवतात.

पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो. युरोपच्या पाल या टीव्ही पद्धतीत तो २५ ने चालवला जायचा, म्हणजे साधारण ४ टक्के फास्ट. ९० मिनिटांचा पिक्चर ८६ मिनिटं २४ सेकंदात संपतो आणि आवाजाची पट्टी जवळजवळ पाऊण सेमीटोन (सेमीटोन म्हणजे अर्धा सूर) वर चढते. मेख अशी की शॉच्या बऱ्याच हाँगकाँग डीव्हीडी आधी पालच्या मास्टरवरून आणि मग तिथून एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीत बदललेल्या आहेत, त्यामुळे फाइलवर २३.९७६ किंवा २९.९७ असा आकडा दिसतो आणि आतलं चित्र मात्र फास्टच. नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

ओळखायची खूण: माणूस पटकन आडवा जातो तिथे पॉज करा आणि एकेक फ्रेम पुढे न्या (व्हीएलसीत ‘ई’). दर काही फ्रेमनंतर दोन प्रतिमा एकमेकांवर पुसट छापल्यासारख्या दिसल्या तर ती बदललेली प्रिंट आहे.

दोन प्रती हाताशी असतील तर सरळ मोजमाप करा. दोन्हींत सहज ओळखू येणारे तीन-चार क्षण निवडा, टायटल येतं तो, एखादा मोठा स्फोट, शेवटचा वार असे, आणि वेळा कागदावर लिहा. मग मधली अंतरं काढा.

- प्रत्येक अंतर दुसऱ्याच्या ०.९६ पट येतंय: फक्त स्पीडचा फरक, पिक्चर पूर्ण आहे.
- दोन अंतरं अगदी सारखी आणि तिसऱ्यात एकदम ४० सेकंद कमी: तिथे काहीतरी कापलंय.

‘माझ्या कॉपीत चार मिनिटं कमी आहेत, सेन्सॉरने कापला’ असं ठोकून देण्याआधी हे करा. बहुतेक वेळा कोणी काही कापलेलं नसतं.

सावधान: स्पीड मारामारीवरून ठरवू नका. त्या काळी मारामारी मुद्दाम कमी फ्रेमने शूट करायचे, म्हणजे चालवताना हात-पाय भराभर हलतात. चालणं, बसणं, दार उघडणं यावरून अंदाज घ्या.

फास्ट निघाली तर काय करायचं? बघण्यापुरतं काही नाही, चार टक्के डोळ्याला कळत नाहीत. फक्त कागदावर ‘फास्ट’ लिहून ठेवा, पुढे लागेल.

## टप्पा ४: आवाज

भाषा मँडरिन (चिनी) निवडा. इंग्रजी डबिंग मजेशीर आहे, त्यातली राक्षसीण ‘प्रिन्सेस ड्रॅगन मॉम’ होते आणि त्या नावावरच लोक फिदा आहेत, पण ते दुसऱ्यांदा बघताना. पहिल्यांदा मँडरिन.

आता सगळ्यात कॉमन चूक. लोक मँडरिन लावतात, ओठ जुळत नाहीत असं दिसतं, आणि व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ दाबून आवाज पुढेमागे करत राहतात. एका पात्राचे ओठ जुळले की दुसऱ्याचे बिघडतात. हे *कधीच* जुळणार नाही, कारण शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्डच होत नसे, मँडरिन ट्रॅकसुद्धा नंतर स्टुडिओत डब केलेला, आणि सेटवर नट आपापल्या भाषेत बोलून मोकळे होत. म्हणजे मूळ प्रिंटमध्येच ओठ सैल आहेत.

आवाज जुळतोय का हे ठोशावर तपासा. ठोसा लागला, दार आपटलं, स्फोट झाला, तिथे आवाज त्याच क्षणी यायला हवा. तीन ठिकाणी बघा, सुरुवातीला, मधे, शेवटी. तिन्हीकडे सारखाच मागे असेल तरच ‘जे’ किंवा ‘के’ दाबा, आणि त्यानंतर हात लावू नका.

मोनो (एकाच चॅनेलचा आवाज) आणि ५.१ (चहूबाजूंनी येणारा आवाज) असे दोन ट्रॅक असतील तर मोनो घ्या. शॉच्या पिक्चरांच्या ५.१ ट्रॅकमध्ये बरेचदा नवीन ‘धाड-धुड’ आवाज घातलेले असतात आणि १९७५ च्या चित्रावर ते चिकटवलेले वाटतात. माझं मत आहे, कोणाला थिएटरचा दणका आवडत असेल तर त्याने खुशाल लावावा.

इथे थांबून बघा: चौकट पूर्ण, स्पीड नोंदवलेला, ठोसे जुळलेले. यातलं एक जरी बाकी असेल तर सबटायटलला हात लावू नका.

## टप्पा ५: सबटायटल जुळवणं

पहिला प्रश्न, सबटायटल कुठल्या ऑडिओवरून लिहिलंय? इंग्रजी डबिंग ऐकून लिहिलेलं सबटायटल मँडरिन आवाजावर लावलं तर ते वेळेत जुळूनही खोटं बोलतं. ओळखायला सोपं आहे:

- हिरोला ‘रेमा’ म्हणतायत की ‘लेइ मा’? रेमा असेल तर ते इंग्रजी डबिंगचं.
- प्रोफेसर ‘चांग’ की ‘लिऊ’? चांग असेल तर तेच.
- पात्र पाठमोरं आहे, गप्प आहे, आणि खाली भलंमोठं वाक्य येतंय? डबिंगवाले असल्या जागा भरून काढायचे.

मँडरिनवरून केलेलं सबटायटल मिळालं की वेळ जुळवायची. पहिला स्पष्ट संवाद आणि शेवटच्या दहा मिनिटांतला एक संवाद, दोन्हीकडे किती फरक पडतोय ते लिहा. मधे काहीही करू नका, आधी फक्त लिहा.

फरक दोन्हीकडे सारखा (समजा दोन सेकंद): नुसता सरकवायचाय. व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’, एका दाबाला ५० मिलिसेकंद. दोन सेकंदांसाठी चाळीस वेळा दाबण्यापेक्षा सबटायटल एडिटमध्ये सगळ्या वेळा एकदम सरकवा आणि सेव्ह करा.

फरक हळूहळू वाढत जातो: स्पीडचा प्रॉब्लेम, कागदावर लिहिलेलं ‘फास्ट’ आता कामाला येईल. ४ टक्क्यांनी ८० मिनिटांत तीन मिनिटांच्या वर फरक पडतो. सबटायटल उत्तरोत्तर *उशिरा* येत असेल तर तुमचा पिक्चर फास्ट आहे, सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलायच्या पर्यायात २३.९७६ वरून २५ करा. लवकर येत असेल तर उलटं. फरक वाढतोय पण शेवटी जेमतेम पाच सेकंद भरतोय? मग ते २३.९७६ आणि २४ मधलं भांडण आहे, तेच पर्याय वापरा, आकडे तेवढे वेगळे.

मधेच एका जागी एकदम उडी मारतो: तिथे एका कॉपीत काहीतरी कमी आहे. त्या जागेपासून पुढच्या ओळी सिलेक्ट करून तेवढ्याच सरकवा.

सावधान: स्पीड आधी, सरकवणं नंतर. उलट केलंत तर स्पीड बदलताच सरकवलेलं पण ताणलं जाईल आणि पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ६: मराठी सबटायटल करायचं असेल तर

घरी आईवडील किंवा पोरं बघणार असतील तर हे करण्यासारखं आहे, संवाद फार नाहीत, अर्धा वेळ हाणामारीच चालते.

आधी नावांची यादी करा आणि ती बदलू नका. लेइ मा, प्रोफेसर लिऊ, बर्फाखालची राणी. राक्षसांना डबिंगमधली नावं ढापण्यापेक्षा दिसतं ते लिहा, कोळी-राक्षस, वेल-राक्षस, स्प्रिंगच्या मानेचे दोघे लोखंडी भाऊ. पोरांना तेच लक्षात राहतं.

मग कोण कोणाला काय म्हणतं ते ठरवा, इथे इंग्रजीवरून ओळीला ओळ करणारे हमखास आपटतात. लेइ मा प्रोफेसरना ‘सर, तुम्ही’ म्हणेल, प्रोफेसर त्याला ‘तू’. प्रोफेसरांची मुलगी त्यांना ‘बाबा’ म्हणेल. राणीचे चमचे तिला ‘राणीसाहेब’ आणि ती त्यांना सरळ ‘अरे ए’. एका सीनमध्ये तू आणि पुढच्यात तुम्ही झालं की सगळी हवा जाते.

ओळी छोट्या ठेवा, एका वेळी दोनच्या वर नकोत. हाणामारीच्या मधे आलेलं ‘सावध!’ हे ‘सावध राहा, तुझ्या मागे शत्रू आहे!’ करू नका, वाचेपर्यंत शत्रू मेलेला असतो.

सावधान, हे दोन मुद्दे चुकले तर फाइल चालणारच नाही: वेळेचे आकडे इंग्रजीतलेच ठेवा, देवनागरी आकडे प्लेअरला वाचता येत नाहीत. आणि सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं.

पाच मिनिटांचंच आधी करा, लावून बघा, मग बाकीचं.

## टप्पा ७: टीव्ही किंवा प्रोजेक्टर

टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय, कंपनीगणिक नाव वेगळं पण बहुतेक ‘मोशन’ हा शब्द असतोच, तो बंद करा. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ नको, ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा. साफ केलेल्या प्रिंटमध्ये रंग आधीच भडक आहेत, इन्फ्रामॅनचा लाल सूट व्हिव्हिडमध्ये नुसता लाल ठिपका होतो. झूम किंवा ‘फिट टू स्क्रीन’ बंद. काळ्या पट्ट्या बघून कोणीतरी पाहुणा रिमोट उचलणारच, रिमोट आपल्याकडे ठेवा.

पेनड्राइव्हवरून चालवणार असाल तर पिक्चर आणि सबटायटल दोन्ही फाइलना एकच नाव द्या आणि एकाच फोल्डरमध्ये टाका. तरी अनेक टीव्हींवर देवनागरी फुटते, जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलत्याच अक्षराला लागते. आदल्या दिवशी लावून बघा. फुटत असेल तर लॅपटॉपवर व्हीएलसी आणि एचडीएमआय केबल, हा सगळ्यात सोपा उपाय. केबल नसेल तर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल चित्रातच छापून नवीन फाइल बनवता येते, पण आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून जोडाक्षरं तपासा, कारण पूर्ण फाइल व्हायला जुन्या लॅपटॉपवर तास-दीड तास सहज जातो, आणि छापलेलं सबटायटल पुन्हा काढता येत नाही.